बाकडी पुरेत, मस्टर द्या

मा. आयुक्त,
कल्याण-डोंबिवली महानगरपालिका यांस



नोव्हेंबर उजाडला की आमच्या भागातल्या बँकांसमोर पांढऱ्या डोक्यांची रांग लागते. हयातीचा दाखला द्यायचा असतो. 2014 साली ‘जीवन प्रमाण’ आलं तेव्हापासून यंत्रावर बोट टेकवलं की माणूस जिवंत असल्याची नोंद दिल्लीपर्यंत पोचते. बोटांच्या रेषा झिजलेल्यांची मात्र पंचाईत होते. ते उभे असतात समोर, पण यंत्राच्या लेखी नसतात. ऐंशी ओलांडलेल्यांना हा दाखला ऑक्टोबरपासूनच देता येतो. वर्षातून एकदा सरकार आम्हाला एकच प्रश्न विचारतं, ‘आहात का?’ ‘आहोत’ म्हटलं की पुढच्या नोव्हेंबरापर्यंत कुणी ढुंकून पाहत नाही. ‘काय करता, काय येतं तुम्हाला?’ असा रकाना कुठल्याच फॉर्मवर नसतो. तो रकाना महापालिकेच्या एका फॉर्मवर यावा, एवढ्यासाठी हे पत्र उघडपणे लिहितो आहे.

मी मध्य रेल्वेतून निवृत्त झालो. रेल्वेच्या डोक्यावरच्या तारा सांभाळणारं जे खातं आहे, त्यात नोकरी गेली. ठाकुर्ली पूर्वेला राहतो. फास्ट लोकल इथे थांबत नाही, हे आपल्याला ठाऊक असेलच. पण या गावाचं रेल्वेशी असलेलं नातं अंगभूत आहे. 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली. त्यानंतर काही वर्षांतच तेव्हाच्या जी.आय.पी. (आजच्या मध्य) रेल्वेने इथे, चोळे गावात, स्वतःचं वीजकेंद्र उभारलं, आणि गाड्यांना इथली वीज जाऊ लागली. ‘पॉवर हाऊस’ हा ठाकुर्लीचा पत्ता होता. ते बंद पडूनही आता जमाना झाला. आमच्या पिढीने दुसरा बदल पाहिला. 1,500 व्होल्ट डीसीच्या तारा उतरवून 25,000 व्होल्ट एसीवर सगळी उपनगरी सेवा नेली, तीही गाड्या चालू ठेवून, रात्रीच्या ब्लॉकमध्ये. हे काम केलेले फिटर, लाइनमन, सुपरवायझर आज नव्वद फुटी रस्त्यावर सकाळी हात हलवत चालताना दिसतात. निवृत्तीच्या दिवशी खात्याने त्यांच्याकडून ओळखपत्र, चाव्या आणि हत्यारं मोजून परत घेतली. शाल-श्रीफळ दिलं. त्यांच्या डोक्यात जे होतं ते परत घ्यायचं कुणाच्या यादीत नव्हतं.

आमच्यासाठी काहीच होत नाही, अशी माझी तक्रार नाही. उलट बरंच होतं. बाकडी आहेत, त्यावर ज्यांच्या निधीतून ती आली त्यांची नावं आमच्या चष्म्याशिवायही वाचता येतील इतकी मोठी आहेत. विरंगुळा केंद्रं आहेत, उद्यानात सिमेंटचे चौथरे आहेत, एक ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिन असतो, त्यात गुलाबाचं फूल आणि बिस्किटाचा पुडा मिळतो. राज्याचं ज्येष्ठ नागरिक धोरण 2004 मध्ये आलं, 2013 मध्ये नवं झालं, 2018 मध्ये शासन निर्णय निघाला आणि ज्येष्ठत्वाचं वय पासष्टवरून साठवर आलं. या सगळ्यात आम्ही लाभार्थी आहोत. सवलत घेणारे, उपचार घेणारे, सन्मान घेणारे. ज्याच्याकडून काही घेता येईल असा माणूस म्हणून आमच्याकडे पाहिलेलं मला तरी आढळलं नाही.

2011 च्या जनगणनेत आपल्या महापालिकेची लोकसंख्या बारा लाखांवर होती. महाराष्ट्रात तेव्हा साठीच्या पुढचे लोक 9.9 टक्के होते. तेच प्रमाण इथे धरलं तर त्या वेळीच लाखाहून अधिक ज्येष्ठ या शहरात होते, आणि डोंबिवली-ठाकुर्ली म्हणजे मुंबईच्या कचेऱ्या चालवणाऱ्यांचं झोपायचं गाव. बँका, एलआयसी, मंत्रालय, टेलिफोन, बॉम्बे पोर्ट ट्रस्ट, रेल्वे, महापालिकेच्या शाळा, के.ई.एम.सारखी इस्पितळं. हिशोब तपासणारे, फाइल कशी हलते ते जाणणारे, इंजेक्शन देणारे, नकाशा वाचणारे. त्यातले कित्येक जण साठीला ठणठणीत असतात. आणखी दहा वर्षं तरी त्यांच्या हातून काम होईल.

ही दहा वर्षं कशी जातात ते सांगतो. पहिलं वर्ष मजेत जातं. राहिलेली लग्नकार्यं, अष्टविनायक, मोतीबिंदू, घराला रंग. दुसऱ्या वर्षी माणूस पहाटे उठतो, कारण शरीराला कुणी निवृत्तीचा आदेश दिलेला नसतो. आंघोळ करून तयार होतो आणि मग साडेसात वाजता त्याच्या लक्षात येतं की आपल्याला कुठेही पोचायचं नाही. लोकलचा ग्रुप तुटलेला असतो. तीस-तीस वर्षं रोज ज्यांच्या मांडीला मांडी लावून बसलो, त्यांच्या घराचा पत्ता माहीत नसतो. मग तो घरात लक्ष घालायला लागतो. फ्रिजमध्ये काय आहे, लाइट कुणी चालू ठेवला, दूधवाल्याने किती लावले. इथून पुढे घरच्यांचे हाल आपण समजू शकता. काही जण सोसायटीच्या कमिटीत शिरतात, तिथल्या भांडणांना जी धार चढते ती बरेचदा रिकाम्या कर्तबगारीची असते. व्हॉट्सअॅपवर देश चालवणारेही आहेत.

अशा माणसाला लोक सल्ला देतात की समाजसेवा करा. सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. नोकरीत आम्हाला धरून ठेवणारी गोष्ट पगार होती, हे खरं. पण तेवढीच नव्हती. रात्री दीडच्या ब्लॉकला मी पोचलो नाही तर खाली गँग थांबून राहील, वीज बंद केल्याचं परमिट मिळून वाया जाईल, पहाटेची पहिली लोकल अडकेल. मी न गेल्याने कुणाचं तरी अडत होतं. निवृत्तीत नेमकं हेच नाहीसं होतं. आपण गेलो काय, न गेलो काय, कुणाचं काही अडत नाही. म्हणून सवडीने केलेल्या समाजसेवेने पोट भरत नाही. जिथे जायलाच हवं, जिथे न गेल्यास कुणीतरी फोन करून ‘काय हो, आला नाहीत?’ असं विचारेल, अशी जागा माणसाला लागते. जगण्याला अर्थ वगैरे म्हणतात तो, माझ्या अनुभवाने, त्या फोनमध्ये असतो. आपल्याकडे मागणं हेच आहे. आम्हाला बसायला बाकडं नको, सही करायला मस्टर द्या.

या शहराला स्वयंसेवा नवी नाही. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय 1864 चं आहे. डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानने 1999 साली गुढीपाडव्याची स्वागतयात्रा सुरू केली आणि पुढे ती महाराष्ट्रभर झाली. 2017 च्या फेब्रुवारीत नव्वदावं अखिल भारतीय साहित्य संमेलन डोंबिवलीत भरलं तेव्हाही स्वयंसेवकांची वाण पडली नाही. पण यात्रा एका सकाळची, संमेलन तीन दिवसांचं. रोजच्या, कंटाळवाण्या, फोटो न निघणाऱ्या कामाची सवय आपल्याला लागलेली नाही. ती ज्यांना लागली आहे ते थोडे आहेत, पण आहेत. डोंबिवलीत ऊर्जा फाउंडेशन घराघरांतलं स्वच्छ, कोरडं प्लास्टिक ठरल्या दिवशी गोळा करून पुनर्प्रक्रियेला पाठवतं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी 1990 साली सुरू केलेल्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेची ‘मैत्र’ नावाची फोनसेवा आहे. अडचणीत सापडलेल्या माणसाचं ऐकून घेणारे तिथले लोक प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक असतात. या दोन्ही ठिकाणी काय साम्य आहे पाहा. दिवस ठरलेला, काम ठरलेलं, किंवा आधी शिकणं ठरलेलं. उत्साहावर काही सोडलेलं नाही.

मीरा रोडला, आपल्याच ठाणे जिल्ह्यात, आबिद सुरती राहतात. ‘धर्मयुग’ साप्ताहिकातल्या ‘ढब्बूजी’ या व्यंगचित्रमालिकेचे चित्रकार आणि लेखक. 2007 मध्ये, सत्तरी उलटल्यावर, त्यांनी गळके नळ दुरुस्त करायचं काम काढलं. एका पुरस्काराचे एक लाख रुपये हाताशी होते. एक प्लंबर आणि एक स्वयंसेविका सोबत घ्यायची, सोसायटीची आधी परवानगी काढायची, रविवारी दारोदार जायचं आणि गळणाऱ्या नळाचा वायसर फुकट बदलून द्यायचा. बस. गळक्या नळासाठी प्लंबर यायला तयार नसतो, आला तर वायसरच्या कितीतरी पट मजुरी मागतो, म्हणून लोक नळाखाली बादली ठेवून गप्प बसतात, ही साधी गोष्ट त्यांनी हेरली. तिकडे हैदराबादला गंगाधर टिळक कटनम हे आमचे रेल्वेवाले गृहस्थ निवृत्तीनंतर स्वतःच्या गाडीतून खडी-डांबर घेऊन रस्त्यावरचे खड्डे बुजवत फिरू लागले. पेन्शन त्यातच घालतात.

दोघांनाही माझा साष्टांग नमस्कार. पण खरं सांगू का, अशा बातम्या वाचल्या की मला थोडी अस्वस्थताही येते. वर्तमानपत्रांना एकटा म्हातारा फार आवडतो. हातात फावडं, डोक्यावर ऊन, फोटो छान येतो. आणि तो फोटो छापून झाला की महापालिकाही सुटते, शेजारीही सुटतात. कटनम यांच्यासारखी माणसं दशकातून एखादीच निपजतात. त्यांच्या भरवशावर शहर चालत नाही. रेल्वेत शूर माणसाला बक्षीस मिळतं, पण गाडी रोस्टरवर चालते. आज कोण, उद्या कोण, सुट्टीवर कोण, त्याच्या जागी कोण. मला शूर म्हातारे नकोत, रोस्टरवरचे म्हातारे हवे आहेत. मी स्वतः अजिबात शूर नाही. वेळेवर येतो, एवढंच.

आता काम कोणतं ते सांगतो.

28 जुलै 2015 च्या रात्री इथे चोळे गावातली मातृकृपा इमारत कोसळली. नऊ माणसं गेली. ठाकुर्लीत त्या दिवसाबद्दल अजूनही बोललं जातं, आणि पावसाचा जोर वाढला की जुन्या इमारतींतले लोक छताकडे पाहत झोपतात. आपण दरवर्षी पावसाळ्याआधी धोकादायक आणि अतिधोकादायक इमारतींची यादी काढता. सी-1 म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडायची, सी-2 म्हणजे दुरुस्तीची, अशा वर्गवाऱ्या आहेत. तीस वर्षं जुन्या इमारतीने नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घेऊन दाखला द्यायचा, असा कायदाही आहे. नोटीस निघते, भिंतीला डकवली जाते. पुढे? पुढे लोक तिथेच राहतात. हे लोक मूर्ख नाहीत. बाहेर पडलो तर घरावरचा हक्क जाईल ही त्यांची भीती आहे. भाडेकरूला मालकाची भीती, मालकाला भाडेकरूची. अनेक इमारतींना धड परवानगीच नव्हती, त्यामुळे कागद दाखवायचा तर कोणता, हा पेच. ऑडिटला पैसे कुणी काढायचे यावरून दोन-दोन वर्षं मीटिंगा चालतात. आपला कनिष्ठ अभियंता नोटीस देऊ शकतो, प्रत्येक इमारतीत संध्याकाळी आठ वाजता जाऊन चटईवर बसून तासभर बोलू शकत नाही. त्याच्याकडे तेवढा वेळ नाही, आणि त्याच्यावर विश्वास नाही.

आमच्याकडे वेळ आहे, आणि पांढऱ्या केसांवर अजून थोडा विश्वास टिकून आहे. सार्वजनिक बांधकाम खात्यातून, रेल्वेच्या पुलांच्या विभागातून, सिडको-म्हाडातून निवृत्त झालेले अभियंते आणि ओव्हरसियर या शहरात आहेत. त्यांनी दाखला द्यायचा नाही, तो परवानाधारकच देईल. त्यांनी जायचं, पाहायचं, खांबाला कुठे भेगा आहेत, सळई कुठे उघडी पडली आहे, कुणाच्या बाथरूममधून खाली झिरपतं, ते ठरावीक नमुन्यात लिहायचं. मग बसून समजावायचं. इमारत पाडण्याआधी कुणाची किती जागा होती याची नोंद करून घेता येते, ती कशी मागायची, अर्ज कोणता, कुणाकडे, आणि तो कागद कपाटात का जपून ठेवायचा. पुढच्या महिन्यात पुन्हा जायचं. ‘काका, तुम्ही परत आलात?’ असं त्यांनी म्हणेपर्यंत जायचं. माझ्या मते या एका कामाने जितके जीव वाचतील तितके नोटिशींनी वाचणार नाहीत. नोटीस कायद्याच्या दृष्टीने महापालिकेला वाचवते, एवढंच तिचं मोल. (हे वाक्य कडू वाटलं तर माफ करा. पण नोकरीत सुरक्षेच्या परिपत्रकांवर सह्या मीही भरपूर घेतल्या आहेत आणि त्या कशासाठी घेतात ते मला ठाऊक आहे.)

दुसरी जागा म्हणजे आपली दोन इस्पितळं, डोंबिवलीचं शास्त्रीनगर आणि कल्याणचं रुक्मिणीबाई. तिथली गर्दी, केसपेपरची रांग, ‘पहिल्या मजल्यावर जा’, ‘इथे नाही, तिकडे’, ‘झेरॉक्स आणा’. घरकाम करणारी बाई एक दिवसाची मजुरी बुडवून येते आणि चुकीच्या रांगेत दोन तास उभी राहते. महात्मा फुले योजनेला आरोग्यमित्र असतात, पण ते योजनेपुरते. दारातून आत आल्यापासून औषध हातात पडेपर्यंत माणसाबरोबर चालणारं कुणी नसतं. या कामाला वैद्यकीय ज्ञान लागत नाही. इमारत पाठ लागते, आवाज शांत लागतो आणि वाचता-लिहिता यावं लागतं. निवृत्त परिचारिका, शिक्षिका, बँकेतले कॅशियर, यांच्याइतकं हे कुणाला जमेल? रोज सकाळी साडेआठ ते साडेअकरा, दोघे-दोघे, पाळीने. ‘काय होतंय? चला, दाखवतो.’ पुरे.

तिसरं काम कचऱ्याचं, थोडक्यात सांगतो. 2015 च्या एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने या शहरातल्या नव्या बांधकामांच्या परवानग्या थांबवल्या होत्या, त्या कचऱ्यापायी. ओला-सुका घरातच वेगळा व्हावा, असं 2016 च्या नियमांनी सांगितलं. आधारवाडीचं डम्पिंग 2021 मध्ये बंद झालं, हे या महापालिकेने मिळवलेलं यश आहे आणि ते मोकळेपणाने सांगायला हवं. पण घंटागाडी सोसायटीच्या दारात आल्यावर डबे एकत्र ओतले जातात की नाही, हे पाहायला त्या वेळी तिथे एक माणूस लागतो. आमच्यातला एक जण त्या वेळी तसाही पायजम्यावर गेटजवळ पेपर वाचत उभा असतो.

महापालिकेच्या शाळांत वाचनाला मदत हे चौथं काम. याचा परदेशातला दाखला भक्कम आहे. अमेरिकेत बाल्टिमोर शहरात ‘एक्सपीरियन्स कोअर’ नावाचा उपक्रम 1990 च्या दशकात सुरू झाला. साठीपुढचे स्वयंसेवक प्राथमिक शाळांत आठवड्याला पंधरा तास जात. मुलांना वाचायला बसवणं, ग्रंथालय उघडं ठेवणं, भांडणं सोडवणं, अशी कामं. आधी रीतसर प्रशिक्षण, वर किरकोळ मानधन, आणि एका शाळेत एकटादुकटा न पाठवता गटाने पाठवायचं. संशोधकांनी मुलांबरोबर या म्हाताऱ्यांचाही अभ्यास केला, आणि त्यांची हालचाल, लक्ष एकाग्र करण्याची क्षमता सुधारलेली आढळली. आठवड्याला पंधरा तास, हे पाहा. वर्षातून एकदा वृक्षारोपण नव्हे. जपानने याहून वेगळी वाट काढली. 1975 मध्ये टोकियोत ज्येष्ठांचं पहिलं मनुष्यबळ केंद्र निघालं, 1986 मध्ये त्याला कायद्याचा आधार मिळाला आणि अशी केंद्रं देशभर पसरली. साठी ओलांडलेल्यांनी नाव नोंदवायचं, केंद्राने हलकी, थोड्या तासांची कामं आणायची. झाडं छाटणं, सायकलतळ सांभाळणं, कागदी दारांची डागडुजी. त्याचे थोडे पैसेही मिळतात. स्थानिक प्रशासन त्यात सामील असतं, म्हणून ते टिकलं.

आपल्या टेबलावर हे पत्र आलं तर पहिल्यांदा युनियन आठवेल. आठवायलाच हवी. आमच्या फुकटच्या कामाने एकाही सफाई कामगाराची, वॉर्डबॉयची, शिक्षकाची जागा कमी होता कामा नये. हे लेखी हवं. रिक्त पदं भरायची टाळण्यासाठी म्हातारे वापरले गेले, तर मी स्वतः त्याविरुद्ध उभा राहीन. आम्ही पेन्शनवाले आहोत, आमची चूल पेटलेली आहे, कंत्राटी कामगाराची चूल विझवून आम्हाला जगण्याचा अर्थ मिळवायचा नाही. जे काम आज कुणाचंच नाही, तेवढंच आमचं.

दुसरी भीती आमच्याच स्वभावाची. निवृत्त माणूस हुकूम सोडतो. ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ हे त्याचं ब्रीदवाक्य. इस्पितळातल्या पंचविशीच्या नर्सला तो शिकवायला लागला तर तिसऱ्या दिवशी त्याला हाकलावं लागेल. जरूर हाकला. ज्या कामावरून काढून टाकता येत नाही ते काम नसतं. म्हणून आधी प्रशिक्षण हवं, त्यात निम्मा वेळ ‘गप्प कधी बसायचं’ यावर घालवा. ओळखपत्रावर मुदत असू द्या, सहा महिन्यांची. सलग गैरहजर राहणाऱ्याचं नाव कमी करा. मी हे गंमत म्हणून लिहीत नाही. ज्या मस्टरवरून नाव कमी होऊ शकत नाही, त्यावर सही करण्यात राम नाही. अपघाताची चिंता असेल तर पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपयांत दोन लाखांचं संरक्षण सत्तरीपर्यंत मिळतं. ते पैसे आम्ही भरू, आपण फक्त अट घाला.

तिसरी गोष्ट भीतीची नाही, न्यायाची आहे. ‘निवृत्त’ म्हटलं की माझ्यासह सगळ्यांच्या डोळ्यांपुढे पुरुष येतो. बायका नोकरीतून निवृत्त झाल्या की दुसऱ्या सकाळपासून नातवंडांच्या नोकरीवर रुजू होतात. सून-मुलगा साडेसातच्या लोकलला गेले की आजीची पाळी सुरू. आणि ज्यांनी कधी कचेरीत नोकरी केली नाही, त्यांना तर निवृत्तीची तारीखच नाही. नाव नोंदणी उघडाल तेव्हा पहिले दोनशे अर्ज आम्हा बाकड्यावरच्या पुरुषांचे येतील. तेवढ्यावर ‘प्रतिसाद उत्तम’ असा शेरा मारू नका. दुपारी बारा ते तीन या वेळेच्या पाळ्या ठेवा, घराजवळची कामं ठेवा. ज्या बाईने तीस वर्षं घर चालवलं, सासऱ्यांचं आजारपण काढलं, तिच्या अर्जावर ‘अनुभव : नाही’ असं लिहिण्याची वेळ येईल असा फॉर्म छापू नका. आजी पाळीवर असेल तेव्हा आजोबांनी नातवंडं सांभाळावीत, हे काही महापालिकेच्या अखत्यारीत येत नाही. तो ठराव आम्ही घरी मंजूर करून घेऊ.

कायदा आड येत नाही, उलट मदतीला आहे. 74 व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या आल्या. आपल्या राज्याच्या महापालिका अधिनियमात या समित्यांवर नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत सदस्य नेमण्याची तरतूद आहे. नोव्हेंबर 2020 मध्ये इथल्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढची पाच वर्षं कारभार प्रशासकाकडे होता. त्या काळात गटार तुंबलं तर कुणाच्या दारात जावं हेच लोकांना कळत नव्हतं. मुंबई महापालिकेने 1997 मध्ये एएलएम ही योजना काढून गल्लीतल्या रहिवाशांची गटवार नोंद केली आणि प्रत्येक गटाला वॉर्डात बोलायला अधिकारी नेमून दिला. पुण्यात 2006 पासून नागरिकांनी सुचवलेली छोटी कामं अंदाजपत्रकात घेतली जातात. या योजनांना पुढे अनेक ठिकाणी गंज चढला हेही खरं. गंज का चढला, याचं माझं उत्तर असं की नागरिकांना सूचना करायला बोलावलं गेलं, कामाला बोलावलं गेलं नाही. सूचना करून माणूस घरी जातो आणि उत्तराची वाट पाहत चिडतो. काम करणारा दुसऱ्या दिवशी परत येतो.

तर एवढं करा. सगळ्या शहरात एकदम नको, उद्घाटनाचा मंडपही नको. एक प्रभाग निवडा. प्रभाग कार्यालयात एक टेबल, एक वही, आणि या कामासाठी नेमलेला एक अधिकारी, ज्याची बदली सहा महिने होणार नाही. फॉर्म एका पानाचा. नाव, वय, काय येतं, कोणत्या वारी किती तास, काय झेपत नाही. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, कारण गुडघ्यांबद्दल आम्ही खोटं बोलतो. येत्या पावसाळ्याआधी फक्त दोन कामं घ्या, धोकादायक इमारतींच्या भेटी आणि एका इस्पितळाचं दार. सहा महिन्यांनी हिशोब मांडा. किती जण आले, किती गळाले, किती इमारतींनी ऑडिट करून घेतलं. आकडे वाईट आले तर बंद करा. आम्ही मोर्चा आणणार नाही.

माझा अर्ज याच पत्रात धरावा. विद्युत सुरक्षा, जुन्या इमारतींतलं वायरिंग पाहणं, रोस्टर लावणं, मराठी-हिंदीत अर्ज लिहिणं एवढं येतं. शिडी आता चढत नाही. सोमवार ते शनिवार, सकाळी साडेआठ ते साडेअकरा. बुधवार सोडून. बुधवारी नातीची शाळा लवकर सुटते आणि तिला आणायला मलाच जावं लागतं.

आपला,
मध्य रेल्वेतून निवृत्त झालेला एक करदाता
ठाकुर्ली (पूर्व)